चुरगळलेल्या शर्टाचे अण्णा

अण्णांच्या बॅगेत कायम एक चुरगळलेला शर्ट असायचा. बिस्किटी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा. तो अंगात घालायचा नव्हताच. घरून निघताना ते तो दोन्ही हातांनी पिळत, त्याचा गोळा करत आणि बॅगेत कोंबत. मग ज्या गल्लीत काम असेल तिथल्या इस्त्रीवाल्यापुढे तो गोळा ठेवून म्हणत, "एवढं एक करून द्या की. आणि हे बघा, मी लग्नाच्या चौकशीला आलोय. शर्ट होईपर्यंत बोलू या."

खासगी गुप्तहेर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो माणूस येतो, तो माझ्याही डोळ्यांपुढे होता. पहिल्या दिवशी अण्णांबरोबर गेलो आणि हे वाक्य ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं, आता आपल्याला हाकलणार. पण इस्त्रीवाल्यानं शर्ट झटकला, पाणी शिंपडलं आणि विचारलं, "कुणाचं लग्न?" पुढे कॉलर, बाह्या, पाठ असं करत शर्टाची घडी होईपर्यंत त्या घराची सगळी हकिकत आम्हाला कळली होती. घडी हातात घेऊन अण्णा वळले आणि कोपऱ्यावर जाऊन त्यांनी तो शर्ट पुन्हा पिळला. पुढच्या गल्लीसाठी.

"लोकांना बोलायचंच असतं हो," ते म्हणायचे. "तुम्ही खोटं सांगून विचारलंत की त्यांना वास येतो. खरं सांगितलंत की त्यांना वाटतं, आपल्याला कुणीतरी मोठ्या कामात घेतलं."

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर एका भांड्यांच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. खाली पातेलं पडलं की वर अण्णा "हरकत नाही" म्हणायचे आणि वाक्य पुढे चालू करायचे. बाहेर पाटीवर कन्नड आणि मराठीत मोठ्या अक्षरांत "चौकशी" एवढंच लिहिलेलं. त्यामुळे विजापूरची बस किती वाजता, हुबळीहून मिरजेला गाडी कधी, असं विचारत लोक जिना चढून यायचे. अण्णा त्यांना कधी परत पाठवायचे नाहीत. पाणी द्यायचे, मोबाइलवर वेळ बघून सांगायचे. मी एकदा म्हटलं, पाटी बदलू या. तर म्हणाले, "कशाला? जिना चढून आलेला माणूस काय विचारतो यापेक्षा कसा विचारतो ते बघायला मिळतं. फुकटचा सराव."

मी त्यांच्याकडे आलो तो कारखान्यातली नोकरी गेल्यावर. वय पन्नाशीला टेकलेलं. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत टाइप करता येत होतं आणि अण्णांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नव्हतं, म्हणून मला ठेवलं. मला ते "रायटर" म्हणायचे, पोलीस स्टेशनात लिहिणाऱ्या हवालदाराला म्हणतात तसं.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला अपराधी वाटायला कारण लागत नाही. दुकानातून काही न घेता बाहेर पडलो की खिसे उलटे करून दाखवावेसे वाटतात. रस्त्यात पोलीस दिसला की माझी चाल बदलते. अशा माणसानं लोकांच्या घरादाराची चौकशी करायची म्हणजे रोजचा छळ. कुणाची मुलगी कशी, कुणाचा मुलगा कुणाबरोबर हिंडतो, हे विचारणारे आपण कोण? मी हे अण्णांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुमचा चेहरा असाच ठेवा, रायटर. या धंद्यात असा चेहरा देवानं द्यावा लागतो. तुम्हाला बघितलं की समोरच्याला वाटतं, याच्यापेक्षा आपलं बरं चाललंय. मग तो मोकळा होतो."

त्यांचे काही नियम होते. नवरा-बायकोच्या मागे फिरायचं नाही. कुणाचा फोन बघायचा नाही. "मागून जाणं आपलं काम नव्हे. आपण समोरून जातो." नोकरीची चौकशी असली तर साहेबाला शेवटी भेटायचं, आधी गेटवरचा वॉचमन, कँटीनवाला आणि त्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसणारा. सगळे चांगलं बोलले तर परत एकदा जायचं. सगळे वाईट बोलले तरी परत जायचं. ज्याची भिंत सामाईक आहे त्याचं बोलणं अर्धं धरायचं. इस्त्रीवाल्यानंतर पिठाची गिरणी. त्यासाठी छोट्या डब्यात ज्वारी. दळण होईपर्यंत रांगेतल्या बायकांशी गप्पा. अण्णांच्या घरी रोज वेगळ्या गल्लीतल्या पिठाची भाकरी व्हायची, आणि त्यांची बायको भाकरी थापताना विचारायची, "आज कुणाचं मोडलंत?"

पण त्यांचा खरा नियम, ज्यामुळे त्यांचा धंदा कधी वाढला नाही, तो वेगळाच होता. रिपोर्ट तयार झाला की तो गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी, ज्याच्याबद्दल आहे त्याला ते वाचून दाखवायचे. समोर बसून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मग विचारायचे, "काही दुरुस्ती?"

यावरून आम्ही शिव्याही खाल्ल्या आहेत. एका मुलानं स्थळाला आपण इंजिनिअर असल्याचं सांगितलं होतं आणि निघाला सुपरवायझर. अण्णा उणकलच्या तळ्याकाठी बाकावर बसून त्याला रिपोर्ट वाचून दाखवत होते आणि तो पाया पडायला लागला. अण्णांनी पाय वर घेतले. म्हणाले, "मी रिपोर्ट परवा देणार. तोवर तुम्हीच त्यांना सांगा. तुम्ही सांगितलंत तर ते खरं होईल, मी सांगितलं तर ती चोरी होईल." मुलानं जाऊन सांगितलं. मुलीच्या वडिलांनी अण्णांना फोन करून तासभर झापलं, कारण आता त्यांना त्या मुलाचा राग येईना.

परत येताना मी विचारलं, "हे कशासाठी, अण्णा? कोण करतं असं?"

"कुणी करत नाही," ते म्हणाले. "पण कुणाच्या पाठीमागे बोललेलं त्याच्या तोंडावर वाचायचं आहे हे माहीत असलं की लिहिताना हात जपून चालतो. करून बघा."

मी करून बघितलं, ते असं.

आमची मुलगी मंजिरी लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवते. बेळगावचं एक स्थळ आलं. मुलगा धारवाडला नोकरीला, बोलायला मोकळा. दोघं दोनदा भेटली आणि मंजिरी घरात गुणगुणायला लागली. आम्हाला एवढं पुरे होतं. फक्त एक गोष्ट बाकी होती. काही वर्षांपूर्वी तिचा एक साखरपुडा झाला होता आणि तो तिनं मोडला होता. तो मुलगा रोज शाळेच्या ऑफिसात फोन करून विचारायचा, मॅडम वर्गात आहेत का. ते स्थळ मीच घाईनं जमवलं होतं, म्हणून तो विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जायचो. मंजिरीला हे नव्या मुलाला आधीच सांगायचं होतं. माझी बायको म्हणाली, "आधी ठरू दे, मग सांगू." मीही मान हलवली. मंजिरी गप्प बसली, पण ते गप्प बसणं तिला आवडलेलं नव्हतं.

आणि एका सकाळी मी चहा सांगून जिना चढून आलो, तर अण्णांच्या समोर मुलाचे वडील बसलेले. त्यांना कुणीतरी आमच्या ऑफिसचं नाव सुचवलं होतं.

"हे बघा, आलेच," अण्णा म्हणाले. "मी यांना सांगितलंय की मुलीचे वडील त्या टेबलावर बसतात. हे म्हणतात, मग तर बरंच, तुम्हाला सगळं ठाऊकच असेल."

"मग, नाही काय?" मुलाचे वडील अवघडून हसले.

"काही ठाऊक नाही. शेजारी बसून काम करणाऱ्याबद्दल माणसाला सगळ्यात कमी ठाऊक असतं. गल्लीत जावं लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रायटर, आजपासून तुम्ही रजेवर. रिपोर्ट वाचायच्या दिवशी या."

मी घरी गेलो, पण रजेवर बसवेना. वाटलं, अण्णांना त्रास कशाला, आपणच प्रामाणिकपणे सगळं लिहून द्यावं. आमच्या ऑफिसच्या पद्धतीनं मी स्वतःचा रिपोर्ट टाइप केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर ठेवला. अण्णांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"'सदर इसमाने कारखाना सोडला नसून कारखान्याने सदर इसमास सोडले.' बरं. 'कुकरच्या शिट्ट्या मोजण्यावरून पत्नीवर आवाज चढवला.' कधी?"

"होतं अधूनमधून."

"'शेजाऱ्याच्या झाडाचे पडलेले आंबे परत केले नाहीत.' 'आईच्या शेवटच्या आजारात एकदा मॅच बघितली.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "यप्पा! हे वाचून तुमच्या घरात मी मांजरसुद्धा देणार नाही. हा रिपोर्ट नव्हे, रायटर, हा कबुलीजबाब आहे. माणूस स्वतःबद्दल सांगतो ते मी धरत नाही. बढाई मारली तरी नाही, रडला तरी नाही."

"शेवटची ओळ वाचा," मी म्हटलं.

शेवटची ओळ साखरपुड्याची होती. ती त्यांनी मनात वाचली.

"या साखरपुड्याला मी जेवलोय," ते म्हणाले. "पण ते मित्र म्हणून. मला ठाऊक आहे ते मी लिहीत नाही. गल्ली सांगते ते लिहितो."

"गल्ली सांगणारच की हो अण्णा. गल्लीत मांडव पडला होता."

"मग लिहीन."

त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता. पण ते लिहिणार याबद्दल मला तिळमात्र शंका राहिली नाही. उठून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात ते लग्न मोडून टाकलं होतं.

आम्ही जुन्या हुबळीत राहतो. गल्ली इतकी अरुंद की समोरच्यांनी फोडणी टाकली की आम्ही शिंकतो. अण्णा आले ते मी खिडकीच्या गजाआडून बघितलं. इस्त्रीच्या गाडीपुढे शर्टाचा गोळा ठेवला. म्हणाले, "लग्नाची चौकशी आहे. या घराची." आणि सरळ आमच्या खिडकीकडे बोट केलं. मी खाली बसलो.

"चोरासारखं काय बघताय?" बायको म्हणाली, आणि माझ्या जागी स्वतः जाऊन उभी राहिली.

इस्त्रीवाला कन्नडमध्ये म्हणाला, "छलो मंदी री." चांगली माणसं आहेत. एवढं म्हणून तो शर्टाला लागला. मग गिरणीवाल्या अक्का पिठानं पांढऱ्या झालेल्या हातांनी बाहेर आल्या, समोरचे निवृत्त मास्तर आले, भिंतीवरून ज्यांच्याशी आमचं बोलणं बंद आहे ते शेजारीसुद्धा ओट्यावर येऊन उभे राहिले. सगळे एकदम बोलायला लागल्यावर आम्हाला धड काही ऐकू येईना. फक्त शेवटी अण्णांनी विचारलं, "आणखी काही सांगायचं राहिलं?" आणि अक्कांचा आवाज चढला, तेवढं कळलं.

"राहिलं की! मुलगा कोण? बेळगावात कुठं राहतो?"

"अक्का, ते माझं काम नव्हे. मी या घराची चौकशी करतोय."

"मग त्या घराची कोण करणार? आमच्या पोरीला असंच द्यायचं काय? नाव सांगा, आमच्या जावेची बहीण बेळगावातच आहे."

"मास्तरांचा एक विद्यार्थी पण आहे तिकडं," इस्त्रीवाला म्हणाला.

अण्णांना त्या दिवशी शर्टाची घडी घ्यायचं भान राहिलं नाही. इस्त्रीवाला त्यांच्या मागे धावत गेला.

काही दिवसांनी संध्याकाळी अण्णा आमच्या घरी रिपोर्ट वाचायला आले. बायकोनं चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीची भजी केली होती. अण्णांनी ताट बाजूला सरकवलं, म्हणाले, वाचून झाल्यावर. मंजिरी भिंतीला टेकून बसली. मी दाराजवळ, पळून जाता येईल असा.

अण्णा वाचायला लागले. वडील सरळ, भित्रे. गणपतीची वर्गणी मागायला यायच्या आधीच देतात, त्यामुळे मुलांची मजा जाते. आई तोंडानं फटकळ. पण गल्लीत कुणी आजारी पडलं की पहिला डबा यांचा. मुलगी मोठ्यानं हसते. गिरणीत रांग मोडत नाही, मोडू देत नाही. गल्लीतल्या पोरांना फुकट गणित शिकवते आणि चुकलं की टपली मारते, याबद्दल पोरांची तक्रार आहे, आयांची नाही. भिंतीच्या शेजाऱ्याचं म्हणणं: भिंत त्यांचीच चुकली आहे, पण मुलगी गुणी.

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. "काही दुरुस्ती?"

 रिपोर्ट संपला होता. ती गोष्ट त्यात नव्हती.

"अण्णा," मंजिरी म्हणाली, "माझा साखरपुडा?"

"गल्लीत कुणी सांगितला नाही."

"कुणीच?"

"मी दोनदा गेलो. सगळे चांगलं बोलले म्हणून दुसऱ्यांदा गेलो. आडून आडून विचारलं, आधी कुठं काही ठरलं होतं काय? इस्त्रीवाला म्हणाला, आठवत नाही. अक्का म्हणाल्या, गिरणीच्या आवाजात ऐकू येत नाही. गिरणी बंद होती."

बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं, भिंतीवाल्याच्यासुद्धा. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, मला इतकं हलकं वाटलं की मी मिरचीकडे हात नेला.

"लिहा," मंजिरी म्हणाली.

"काय लिहा?" बायको ओरडली. "कुणी सांगितलं नाही ना? मग तुला काय गरज?"

"आई, त्यांनी माझ्यासाठी लपवलं. पण लपवण्यासारखं मी काही केलंच नाही. तो रोज शाळेत फोन करून मी आहे का बघायचा, म्हणून मी मोडलं. आता बेळगावचं घर तेच करतंय आणि मी गप्प बसू? त्यांना चौकशी करायचीय ना, मग नीट होऊ दे."

"अहो, सांगा की तिला!" बायको माझ्याकडे वळली.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी हात वर केले. "मुलीची दुरुस्ती आहे. मला घ्यावीच लागते." आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. "माझं अक्षर लागत नाही, रायटर."

मंजिरीनं सांगितलं, मी लिहिलं. 'यापूर्वी एक साखरपुडा झाला होता. मी मोडला. कारण विचारल्यास सांगेन. मुलीने स्वतः सांगितले.' चार ओळी लिहायला मला किती वेळ लागला कोण जाणे. कारण आता ते लग्न मोडलं तर माझ्या हस्ताक्षरात मोडणार होतं. अण्णांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि इतक्या समाधानानं गिरमिट खाल्लं की बायकोला त्यांचा रागही करता येईना.

रिपोर्ट गेला. बेळगावहून फोन नाही. मंजिरी गुणगुणायची थांबली. मी ऑफिसात पातेलं पडलं की दचकायचो. अण्णा "हरकत नाही" म्हणायचे, पण तेही जरा हळू.

मग एक दिवस मुलाचे वडील स्वतः जिना चढून आले. बसायच्या आधीच बोलायला लागले.

"साहेब, चौकशी मी सांगितली होती की यांनी? आठ दिवस आमच्या घरी फोन चालू आहेत! कोण एक अक्का आमच्या हिला विचारते, मुलगा जेवल्यावर ताट उचलतो काय. कोण मास्तर विचारतात, पाढे येतात काय."

"येतात?" अण्णांनी विचारलं.

"सतरापर्यंत." ते बसले. माझ्याकडे न बघता त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "हे शेवटचं, हाताने लिहिलेलं. मुलीनं आपणहून सांगितलं?"

"हो."

"तुम्ही विचारलं नसताना?"

"कुणी सांगितलं नसताना. आई नको म्हणत होती. वडील लिहिताना थरथरत होते, अक्षर बघा."

मुलाच्या वडिलांनी कपाळ पुसलं. "आमची ही म्हणाली, दुसरं बघू. मुलगा ऐकत नाही. म्हणतो, तिच्या घरात तुम्ही माणूस पाठवलात, आता माझ्याबद्दल पाठवा. आणि तो रिपोर्ट तिच्या हातात द्या. त्याशिवाय मी तिच्यासमोर कुठल्या तोंडानं बसू?" आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची काही हरकत?"

 मी मान हलवली, ती होकारार्थी होती की नकारार्थी हे मलाही कळलं नाही. अण्णांनी परस्पर हो म्हणून टाकलं.

अण्णा बेळगावला एकटेच गेले. मला नेलं नाही; म्हणाले, तुमचा चेहरा बघून ते लोक तुमच्याच काळजीत पडतील. परत आल्यावर त्यांचे कागद लावून मी रिपोर्ट टाइप केला आणि जेवणाच्या सुट्टीत मंजिरी शाळेतून थेट ऑफिसात आली. तिनं उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली. मुलगा शेंगदाणे खाऊन टरफलं खिशात ठेवतो. आईशी भांडतो आणि आपणच आधी बोलतो. गाडी हळू चालवतो, मित्र हसतात. ती वाचत होती आणि मी तिचा चेहरा वाचत होतो.

शेवटच्या पानावर ती थांबली. तिथं अण्णांनी त्याची दुरुस्ती घेतली होती: 'मागे एका मुलीने मला नकार दिला होता. तिचे कारण तेव्हा पटले नव्हते. आता पटते. मुलाने स्वतः सांगितले.'

"कारण काय होतं, अण्णा?" मंजिरीनं विचारलं.

"मी विचारलं नाही."

"तुम्ही? विचारलं नाही?"

"नाही," अण्णा म्हणाले. "ते तुम्ही विचारा."

मंजिरीनं फोन काढला आणि ती कोप्पीकर रोडवरच्या गॅलरीत गेली. दार तिच्या मागे अर्धं लोटलं गेलं. खालच्या रिक्षांच्या आवाजात तिचं बोलणं नीट येत नव्हतं. आधी बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मी खुर्ची सरकवून हळूच उठलो.

अण्णांनी टेबलावरून हात लांब करून माझी बाही पकडली.

"बसा, रायटर," ते म्हणाले. "ही चौकशी आपली नव्हे."

मी बसलो. थोड्या वेळानं गॅलरीतून मंजिरीचं हसू ऐकू आलं. काय झालं असेल ते आम्हा दोघांनाही कळलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.